आजींच्या पणजोबांचे ऐंशी एकर

अमेरिकेत, राहून जमीन कसणाऱ्याला ती फुकट देणाऱ्या होमस्टेड कायद्याखाली माणशी एकशे साठ एकर जमीन मिळायची, मग आपल्या पणजोबांच्या वाट्याला ऐंशीच एकर का आली, हा प्रश्न आमच्या शेजारच्या आजींना लहानपणापासून पडलेला होता. घरात त्याची दोन उत्तरं चालत आलेली. एक, पणजोबा गावातल्या दारूच्या गुत्त्यात पत्त्यांवर अर्धी जमीन हरले. दुसरं, त्यांना इंग्रजी येत नव्हतं म्हणून लँड ऑफिसातल्या कारकुनानं त्यांना गंडवलं. आजींना दोन्ही उत्तरं बोचायची. एकात माणूस व्यसनी ठरतो, दुसऱ्यात बावळट.

आम्ही नेब्रास्कात राहतो, लिंकन शहराच्या पश्चिमेला स्यूअर्ड काउंटीत. आजींचं शेत आमच्या घराला लागूनच आहे. इथल्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना नावानंच हाक मारते, पण वय शहाऐंशी आणि स्वभाव असा की मनात त्या आजीच आहेत. मी ग्रंथालयात काम करते हे त्यांना ठाऊक होतं. एकदा अंडी द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "तुला हे जुने कागद शोधता येतील का गं? मी गेल्यावर कोणी विचारणारसुद्धा राहणार नाही."

माझं माहेर फलटण तालुक्यातलं, शेतकऱ्याचं. वडिलांबरोबर तलाठ्याकडे खेपा घालतच मी मोठी झाले. सातबारा, फेरफार, वारसनोंद हे शब्द आमच्या घरात रोजचे. त्यामुळे जमिनीचा कागद नीट वाचला की माणसांबद्दल बरंच कळतं, एवढं मला पक्कं माहीत होतं. मी हो म्हटलं.

पहिला कागद आजींच्या जिन्याजवळच्या भिंतीवरच होता, चौकटीत लावलेला. सरकारनं जमीन कायमची दिल्याची ती सनद, इथे तिला पेटंट म्हणतात. तिच्यावर राष्ट्राध्यक्ष रदरफर्ड हेज यांचं नाव, पण सही त्यांच्या वतीनं सचिवानं केलेली. लाखो सनदांवर राष्ट्राध्यक्ष स्वतः कुठून सह्या करणार. जमिनीचं वर्णन एका ओळीत: सेक्शन २२ च्या नॉर्थ-वेस्ट क्वार्टरचा पश्चिमेकडचा अर्धा भाग, पुढे टाउनशिपचा आणि रेंजचा आकडा, आणि 'सिक्स्थ प्रिन्सिपल मेरिडियनच्या', म्हणजे मोजणीसाठी धरलेल्या एका उत्तर-दक्षिण मूळ रेषेच्या, 'पूर्वेला'. शेवटी, ऐंशी एकर.

या ओळीत सगळं होतं, पण ते उकलायला मोजणीची पद्धत समजून घ्यावी लागली. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप. तिचे छत्तीस सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा. सेक्शनचा चौथा हिस्सा म्हणजे क्वार्टर, १६० एकर. सेक्शनचे आकडे ईशान्येच्या कोपऱ्यातून सुरू होतात, सहापर्यंत पश्चिमेला जातात, मग खालच्या ओळीत उलटे पूर्वेला वळतात, असे नांगराच्या तासांसारखे फिरत छत्तीसपर्यंत. आमच्या गावाकडे बांध ओढ्याच्या वळणानं जातो, नाहीतर कुणाच्या तरी आजोबांच्या भांडणानं ठरलेला असतो. इथे मोजणीदारांनी आधी साखळी टाकून चौकोन आखले आणि माणसं त्या चौकोनांत नंतर येऊन राहिली.

अर्थात चौकोन आखले तेव्हा जमीन रिकामी नव्हती. प्लॅट नदीच्या दक्षिणेकडचा हा मुलूख पॉनी या मूळ अमेरिकी जमातीचा. १८३३ च्या तहात तो त्यांच्याकडून लिहून घेतला गेला, आणि १८७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांना नेब्रास्काच सोडून दक्षिणेला, मूळ जमातींसाठी राखलेल्या इंडियन टेरिटरीत, जावं लागलं. आजींच्या पणजोबांचा अर्ज १८७३ चा. एका बाजूनं हे येत होते आणि दुसऱ्या बाजूनं ते घालवले जात होते. मी आजींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, नांगरटीत दगडी बाणाची पाती सापडायची, वडील ती खिडकीत ठेवायचे, पण कुणाची म्हणून आम्ही कधी विचारलंच नाही.

जुन्या सनदांची नोंद सरकारच्या जमीनखात्याकडे संगणकावर बघता येते. मी एकट्या सेक्शन २२ वर न थांबता आसपासचे सगळे सेक्शन उघडले. सम आकड्यांच्या सेक्शनांत होमस्टेडवाले होते, आणि त्यांतले बहुतेक ऐंशी एकरवाले. विषम आकड्यांच्या सेक्शनांत, २१ मध्ये, २३ मध्ये, एकही होमस्टेड नाही. ती सगळी जमीन बर्लिंग्टन अँड मिझुरी रिव्हर या रेल्वे कंपनीच्या नावावर. मग ऐंशी एकर हा काही एकट्या पणजोबांचा मामला नव्हता. एवढ्या सगळ्यांनी मिळून पत्त्यांवर अर्ध्या-अर्ध्या जमिनी हरल्या असतील हे शक्यच नव्हतं.

कायद्याची कलमं वाचल्यावर गाठ सुटली. होमस्टेड कायद्यावर राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी सही केली. त्यात एकशे साठ एकर आहेत ते खरंच. पण रेल्वे बांधण्यासाठी सरकारनं कंपन्यांना रुळांच्या आजूबाजूचे एकाआड एक सेक्शन देऊन टाकले होते. रेल्वे आली की उरलेल्या सेक्शनांची किंमत वाढणार, म्हणून तिथल्या सरकारी जमिनीचा भाव एकरी सव्वा डॉलरवरून दुप्पट, अडीच डॉलर केला. आणि भाव दुप्पट म्हणून फुकट द्यायची जमीन निम्मी. रेल्वेच्या पट्ट्यात होमस्टेड ऐंशी एकरांचंच. यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेल्या सैनिकांना मात्र पुढे त्या पट्ट्यातही पूर्ण एकशे साठ मिळू लागले. आजींच्या सेक्शनमध्ये एकच एकशे साठ एकरवाला होता, आणि तो असाच माजी सैनिक निघाला.

हा नियम ३ मार्च १८७९ ला बदलला. आधी ऐंशी घेतलेल्यांना लगतची आणखी ऐंशी मागायची सोयही झाली. पण तोपर्यंत आजींच्या पणजोबांच्या बांधाला लागून सरकारी जमीन शिल्लकच नव्हती. पलीकडे सेक्शन २१ होता, तो रेल्वेचा. कंपनी ती जमीन विकत होती: दहा वर्षांच्या मुदतीनं, सहा टक्के व्याजानं. १८७२ सालची तिची मोठमोठी जाहिरातपत्रकं आजही जपलेली आहेत, त्यांवर याच अटी ठळक अक्षरांत छापल्यात. पणजोबांनी रस्त्यापलीकडची ऐंशी एकर तशीच हप्त्यांनी घेतली.

आजींना मी स्वयंपाकघराच्या टेबलावर नकाशा पसरून हे दाखवलं. त्या बराच वेळ बोटानं चौकोन मोजत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ते हरले नव्हते." मी म्हटलं, हरले नव्हते आणि फसलेही नव्हते; जेवढी मिळण्यासारखी होती तेवढी सगळी त्यांनी घेतली आणि उरलेली विकत घेतली. त्यावर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, जो खरं तर जास्त मोठा होता: ते कसे जगले?

त्यासाठी होमस्टेडची मूळ फाइल हवी होती. प्रत्येक अर्जाची अशी फाइल वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, आणि नेब्रास्काच्या फाइलींच्या प्रती आता संगणकावर आल्या आहेत. त्या फुकट बघायची सोय बिॲट्रिस गावाजवळच्या होमस्टेड राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानात आहे. डॅनिअल फ्रीमन हा अगदी पहिल्या होमस्टेडवाल्यांपैकी एक, त्याच्याच जमिनीवर हे उद्यान उभं आहे. आजी हट्टानं सोबत आल्या. तिथलं गाड्या लावायचं आवार बरोबर एक एकराचं ठेवलं आहे, म्हणजे शहरातून येणाऱ्याला एकर म्हणजे केवढं ते उभ्या उभ्या कळावं. १८६७ साली बांधलेली एक लाकडी खोलीही तिथे आणून ठेवली आहे, १४ फूट बाय १६ फूट. आजी तिच्या दारात उभ्या राहिल्या आणि हात पसरून भिंतींचं अंतर अजमावू लागल्या.

फाइल निघाली. पानं थोडी, पण एकेक पान वाचायला वेळ लागला. सगळ्यांत आधी अर्ज. कुटुंबप्रमुख असलेल्या किंवा एकवीस वर्षं पुरी झालेल्या कोणालाही अर्ज करता यायचा, पण तो नागरिक हवा, नाहीतर नागरिक होण्याचा इरादा तरी त्यानं कोर्टात जाहीर केलेला हवा. पणजोबांनी तसा इरादा १८६९ साली इलिनॉयमध्ये जाहीर केला होता. त्या कागदात ते 'प्रशियाच्या राजा'वरची निष्ठा सोडतात. पुढे १८७९ मध्ये स्यूअर्डच्या कोर्टात पुरे नागरिक झाले, तेव्हाच्या कागदात 'जर्मनीच्या सम्राटा'वरची. दोन्ही वेळा माणूस एकच, पहिला विल्हेल्म. मधल्या काळात, १८७१ मध्ये, तो राजाचा सम्राट झाला होता. आणि पणजोबा जन्मले तेव्हा यातलं काहीच नव्हतं. ते ओस्नाब्रुकजवळचे, आणि तो मुलूख हॅनोव्हरच्या राजाचा. १८६६ मध्ये प्रशियानं हॅनोव्हर गिळलं आणि त्यांच्या वयाच्या पोरांपुढे प्रशियाची तीन वर्षांची सक्तीची लष्करी नोकरी येऊन उभी राहिली.

ती एवढीच अडचण नव्हती. त्या भागात शेत वाटून द्यायची रीत नव्हती; सबंध शेत एकाच वारसाकडे जायचं. ज्यांच्याकडे जमीन नाही ते मोठ्या शेतकऱ्याच्या आवारातलं खोपट आणि थोडा तुकडा खंडानं घेत, आणि बदल्यात शेतकऱ्यानं बोलावलं की आपलं काम टाकून त्याच्या शेतावर राबायला जात. घरी विणलेल्या तागाच्या कापडावर वरचा खर्च भागायचा, पण गिरण्यांच्या स्वस्त कापडानं तेही मोडीत काढलं. पणजोबांचे वडील असे खंडकरी मजूर होते. १८६८ साली ब्रेमेनहून बाल्टिमोरला थेट आगबोटी सुरू झाल्या आणि धक्क्यावरूनच पश्चिमेला जाणारी आगगाडी मिळू लागली. त्याच वर्षी पणजोबा निघाले. ब्रेमेनकडच्या प्रवाशांच्या जुन्या याद्या उरल्या नाहीत, पण बाल्टिमोरला उतरलेल्यांच्या यादीत ते सापडले: वय बावीस, धंदा मजूर. पुढची चार वर्षं त्यांनी इलिनॉयमध्ये दुसऱ्याच्या शेतावर सालगडी म्हणून काढली, तिथेच लग्न केलं, आणि मग नेब्रास्का.

फाइलीतला सगळ्यांत मोलाचा कागद म्हणजे शेवटचा पुरावा. पाच वर्षं जमिनीवर राहून ती कसली, हे दोन साक्षीदारांनिशी शपथेवर सिद्ध केल्याशिवाय जमीन नावावर होत नसे. छापील मजकूर, आणि मधल्या रिकाम्या जागा हातानं भरलेल्या. त्या भरलेल्या जागा मी आजींना एकेक करून वाचून दाखवल्या. मातीच्या ढेपांचं घर, १४ बाय २०, एक दार, दोन खिडक्या. नंतर लाकडी घर, १६ बाय २४, फळ्यांची जमीन. तबेला. विहीर. कणगी. नांगरून पिकाखाली आणलेली जमीन पंचावन्न एकर. कॉटनवुडची आणि सफरचंदाची झाडं.

मातीच्या घराबद्दल इथे थोडं सांगायला हवं. या माळावर लाकूड नव्हतं; झाडं होती ती ओढ्याकाठी, आणि ती आधी आलेल्यांनी घेतलेली. पण गवताची मुळं इतकी दाट विणलेली असत की नांगराच्या रुंद पात्यानं जमिनीची पट्टी सोलून काढली तर ती तुटत नसे. तिचे दोन-तीन फुटांचे तुकडे करून गवताची बाजू खाली ठेवत विटांसारखे थर रचायचे. भिंत दोन-तीन फूट जाड, त्यामुळे हिवाळ्यात ऊब आणि उन्हाळ्यात गारवा. पण छत मातीचंच. पाऊस आला की आत चिखल गळायचा, आणि बाहेरचा पाऊस थांबल्यावरही आतला चालूच राहायचा. भिंतींतून उंदीर आणि साप निघायचे. पणजोबा-पणजी अशा घरात सहा वर्षं राहिले आणि त्यांची पहिली तीन मुलं तिथेच जन्मली.

पुराव्याला जोडलेला आणखी एक कागद होता, १८७४-७५ च्या हिवाळ्यात जमिनीवर नसल्याचा खुलासा. १८७४ च्या जुलैअखेर टोळधाड आली. रॉकी माउंटनचे टोळ, जे आता पृथ्वीवरूनच नाहीसे झाले आहेत. गहू तोवर कापून झाला होता, पण मका शेतात उभा होता, आणि हाती येईल तो पैसा मक्याचाच. तो सगळा गेला. भाजीपाला गेला. टोळांनी घोड्यांचं चामडी सामान आणि औजारांचे लाकडी दांडेसुद्धा कुरतडल्याच्या हकिगती या भागात आजही सांगतात. जमीन सोडून गेलं तर हक्क जाणार आणि राहिलं तर उपाशी मरणार, अशी कोंडी झाली. शेवटी काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, डिसेंबर १८७४ मध्ये खास कायदा करून, टोळांनी पीक खाल्लेल्यांना हक्क न गमावता काही महिने बाहेर जायची मुभा दिली. पणजोबा इलिनॉयला मजुरीला गेले. साक्षीदार लिहितो की 'त्याची पत्नी आणि मूल जमिनीवरच राहिले'. साध्या कारकुनी भाषेतली ओळ. नेब्रास्काचा हिवाळा, मातीचं घर, तान्हं मूल आणि सर्वांत जवळचं शेजारघर अर्ध्या मैलावर. ही ओळ आजींनी मला पुन्हा वाचायला लावली.

पणजीचं काम कागदावर शोधायचं तर जनगणनेकडे जावं लागतं. १८८० च्या जनगणनेत शेतीची वेगळी तक्ती होती. तीत गहू आणि मका किती एकर, किती बुशेल हे तर आहेच, पण पुढच्या रकान्यांत घरी केलेलं लोणी किती पौंड आणि अंडी किती डझन हेही आहे. या शेतावर दुभत्या गाई तीन, वर्षाचं लोणी तीनशे पौंड. हातानं दूध काढायचं, साय धरायची, घुसळायची, मीठ घालून बांधायचं आणि गावातल्या दुकानात देऊन साखर, कॉफी, कापड आणायचं. गव्हाचा पैसा वर्षातून एकदा, तोही भाव पडला नाही तर. रोजचा संसार लोण्या-अंड्यांवर. १९०० च्या जनगणनेत पणजीच्या नावापुढे 'इंग्रजी बोलता येतं का' या रकान्यात 'नाही' आहे, आणि 'किती मुलं झाली, किती हयात' या रकान्यांत नऊ आणि सहा. १८९० ची जनगणना जवळजवळ सगळी १९२१ च्या आगीत आणि पाण्यात गेली, पण नेब्रास्काची १८८५ ची राज्य जनगणना शाबूत आहे, म्हणून मधला काळ अगदीच रिकामा राहिला नाही.

तीन मुलांचं काय झालं ते चर्चच्या वहीत होतं. लूथरन पंथाचं लहानसं चर्च, वह्या सगळ्या जर्मनमध्ये आणि त्याही जुन्या कुर्रेंट लिपीत. जर्मन मला थोडं वाचता येतं, पण ही लिपी आजच्या जर्मन माणसालाही लागत नाही. आमच्या घरच्या जुन्या मोडी कागदांसारखंच ते. भाषा आपली आणि अक्षर परकं. 'ई' हा 'एन' सारखा दिसतो, 'यू' ओळखायचा तो डोक्यावरच्या कंसानं. मी ओळखीच्या शब्दांपासून सुरुवात केली: महिन्यांची नावं, गावांची नावं, आजींच्या आडनावाची अक्षरं. ती बसल्यावर बाकीची हळूहळू लागत गेली. १८८१ च्या डिसेंबरात एकाच आठवड्यात दोन दफनं, मुलगा सहा वर्षांचा आणि मुलगी चार वर्षांची, कारण घटसर्प. तिसरं मूल जन्मल्यादिवशीच गेलेलं. आजींना एवढंच माहीत होतं की शेताच्या वरच्या अंगाला, चर्चच्या दफनभूमीत, नाव झिजलेले छोटे दगड आहेत आणि त्यांचं गवत वडील नेमानं काढायचे.

नंतरची वीस-पंचवीस वर्षं, कागदांवरून तरी, सावरत गेलेली दिसतात. १२ जानेवारी १८८८ चं भयंकर हिमवादळ, १८९० आणि १८९४ चे दुष्काळ, हे सगळं झालं. गहाणखतं होतात आणि फिटतात. त्यांवर पणजीचा अंगठा नव्हे, सही आहे, जर्मन वळणाची, ठाम.

मग १९१७-१८ येतं. अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली आणि चाळीस वर्षं इथे नांगरणारे लोक एकाएकी संशयित झाले. नेब्रास्कात राज्य संरक्षण परिषद नेमली गेली. जर्मन प्रवचनं, जर्मन शाळा, युद्धकर्जाचे रोखे कोण किती घेतो, सगळ्यावर तिची नजर. नागरिक न झालेल्या जर्मन पुरुषांना शत्रुराष्ट्राचे म्हणून नाव नोंदवून ठसे द्यावे लागले. आमच्या काउंटीतलं जर्मनटाउन हे गाव १९१८ मध्ये गार्लंड झालं, फ्रान्समध्ये मरण पावलेल्या तिथल्याच एका सैनिकाच्या नावावरून. ओटो काउंटीतल्या बर्लिनचं नावही त्याच वर्षी बदललं. चर्चच्या वहीत एका पानापर्यंत जर्मन आहे आणि पुढच्या पानापासून इंग्रजी, त्याच पाद्र्याच्या हातची. वाक्यं आखूड झाली आहेत.

१९१९ च्या एप्रिलमध्ये राज्यानं कायदा केला की आठवी पास होईपर्यंत कोणत्याही मुलाला इंग्रजीखेरीज दुसरी भाषा शिकवायची नाही, खाजगी शाळेतही नाही. आजींचे वडील तेव्हा अकरा वर्षांचे, चर्चच्या शाळेत जाणारे. इथून पश्चिमेला हॅम्पटन गावी रॉबर्ट मेयर नावाचे शिक्षक होते. झायन लूथरन शाळेत मे १९२० मध्ये दहा वर्षांच्या एका मुलाला बायबलातल्या गोष्टी जर्मनमधून वाचायला शिकवताना ते पकडले गेले. पंचवीस डॉलर दंड झाला. मेयर दंड भरून मोकळे झाले नाहीत, लढले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हरले, आणि ४ जून १९२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात सात विरुद्ध दोन मतांनी जिंकले. मुलांना काय शिकवावं हे ठरवण्याचा आईवडिलांचा हक्क या निकालानं मान्य केला आणि अमेरिकेतले वकील आजही त्याचा आधार घेतात. मी स्वतः माझ्या मुलांना शनिवारी मराठी शाळेत नेते. गाडीतून हॅम्पटनच्या पाटीवरून जाताना आता मला मेयर आठवतात आणि मनापासून कृतज्ञता वाटते.

पण आजींच्या घरात निकालाचा उपयोग उशिरा झाला. चार वर्षं गेली होती. वडील जर्मन बोलणं विसरले नव्हते, तरी मुलांशी कधी बोलले नाहीत. पणजीच्या कबरीवरचा १९१२ चा दगड जर्मनमध्ये आहे, पणजोबांचा १९२१ चा इंग्रजीत. ज्या माणसानं दोनदा कोर्टात उभं राहून राजाची निष्ठा सोडली आणि दोन साक्षीदारांनिशी जमिनीवरचं राहणं सिद्ध केलं, त्याला बहात्तराव्या वर्षी आपण इथलेच आहोत हे पुन्हा दाखवावं लागलं. मला या सगळ्या कागदांत सर्वांत जास्त टोचलं ते हे.

सर्वांत शेवटी काउंटीच्या कोर्टहाउसमध्ये दस्तांच्या जाड वह्या पाहिल्या. तिथे रेल्वे कंपनीनं सेक्शन २१ मधली ऐंशी एकर करून दिल्याचा दस्त मिळाला, १८८८ चा, किंमत ५६० डॉलर, म्हणजे एकरी सात. आणि १९०६ चा एक दस्त मिळाला, ज्याची कोणालाच कल्पना नव्हती. त्यात पणजोबा-पणजी सगळी जमीन धाकट्या मुलाला, म्हणजे आजींच्या आजोबांना, एक डॉलर आणि मायेपोटी लिहून देतात. खाली अटी. आईवडिलांना मरेपर्यंत घरातली पूर्वेची खोली. शेगडीला पुरेल एवढं लाकूड आणि कोळसा, फोडून, दाराशी. दर वर्षी चारशे पौंड गव्हाचं पीठ, दोन पोसलेली डुकरं, एका गाईचं दूध, बागेतली निम्मी सफरचंदं, विहिरीजवळचा भाजीचा वाफा. रविवारी चर्चला जायला घोडा जोडलेली गाडी. आजारपणात डॉक्टर आणि शेवटी ख्रिस्ती रीतीनं दफन. यातलं काही मोडलं तर जमीन परत.

जर्मनीत शेत मुलाला देताना असाच करार करायची जुनी पद्धत, आणि मध्य-पश्चिमेतल्या जर्मन वस्त्यांत असे दस्त जागोजागी सापडतात. पण पणजोबांच्या वडिलांना असा कागद करायची वेळच आली नव्हती, कारण द्यायला जमीनच नव्हती. मोठ्या शेतकऱ्यांच्या घरी त्यांनी तो होताना पाहिला असणार. आपल्या मुलाशी तो करताना पीठ, डुकरं, लाकूड एकेक मोजून लिहिलं. आजींच्या घरात त्या खोलीला अजूनही 'म्हाताऱ्यांची खोली' म्हणतात. तिथे आता शिवणयंत्र आहे.

ऑगस्टमध्ये त्यांच्या घराण्याचा मेळावा असतो, गावच्या बागेत, घरोघरचे डबे घेऊन. आजींनी मलाही बोलावलं. जेवणं झाल्यावर त्यांनी नकाशा टेबलावर चिकटवला आणि ऐंशी एकरांचा हिशेब स्वतःच समजावून सांगितला, रेल्वेचे सेक्शन लाल पेन्सिलनं रंगवून. पत्त्यांची गोष्ट वर्षानुवर्षं रंगवून सांगणारा त्यांचा पुतण्या गप्प ऐकत होता. मग त्यानं विचारलं की हप्त्यांचा मूळ करार मिळेल का. बर्लिंग्टन कंपनीची जुनी कागदपत्रं शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहेत, तिथे मी पत्र लिहिलं आहे. आजींना मात्र आता पणजीचं माहेर हवं आहे. लग्नाच्या नोंदीत तिच्या वडिलांचं नाव आणि ओस्नाब्रुकजवळच्या एका चर्चचं नाव आहे. आम्ही तिथून सुरुवात केली आहे.